लघुउद्योगातील कंत्राटी कामाची वेळनोंद आणि मोबदला

प्रस्तावना
लघुउद्योगात वेल्डिंग, रंगकाम, जोडणी यांसारखी कामे बहुधा कंत्राटदारामार्फत करून घेतली जातात. मजुरीचा दर आधी ठरतो. परंतु कामाच्या वेळेची नोंद कोणी व केव्हा करावी, हे सहसा ठरत नाही. पुढील अनेक वादांचे मूळ या त्रुटीत असते.

हजेरी आणि तास
मुकादमाच्या वहीत साधारणतः पूर्ण हजेरी, अर्धी हजेरी वा खाडा एवढेच नोंदले जाते. त्यामुळे जादा तास हजेरीतच मिसळून जातात. उदाहरणार्थ, आठ तासांची मजुरी ६०० रुपये मानल्यास ताशी दर ७५ रुपये होतो. दहा तास काम करणाऱ्याची सव्वा हजेरी धरली, तर त्यास ७५० रुपये मिळतात. जादा कामाचा मोबदला सामान्य दराच्या किमान दुप्पट असावा, या नियमानुसार मात्र ९०० रुपये देय होतात. महिन्यात असे बारा दिवस आल्यास फरक १,८०० रुपयांचा, म्हणजे तीन दिवसांच्या मजुरीएवढा होतो.

कायदेशीर जबाबदारी
कंत्राटदाराचे बिल चुकते केले की आपली जबाबदारी संपली, असा समज लहान उद्योजकांत आढळतो. तो बरोबर नाही. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० ने कंत्राटदाराने थकविलेल्या वेतनाचा भार मूळ मालकावर टाकला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ नुसारही अशा वेळी आस्थापनेचा मालक जबाबदार ठरतो. शिवाय वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर नसून नियोक्त्यावर आहे, आणि दावा तीन वर्षांपर्यंत दाखल करता येतो. त्रोटक वही येथे मालकाच्याच विरुद्ध जाते.

नोंदीची पद्धती
येण्या-जाण्याच्या वेळा त्याच दिवशी लिहाव्यात व त्यावर कामगार आणि पर्यवेक्षक या दोघांची सही असावी. उचल स्वतंत्र रकान्यात दाखवावी. एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत, वेतनपत्रासह दिले जावे. कंत्राटदाराचे बिल या नोंदवहीशी ताडून, तसेच मागील वेतनवाटपाचा पुरावा पाहूनच मंजूर करावे.

निष्कर्ष
वेळनोंद हा कामगाराच्या श्रमाचा बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो. ती टाळणाऱ्या उद्योजकावर एकाच कामाची रक्कम एकदा कंत्राटदारास व पुन्हा कामगारास देण्याची वेळ येऊ शकते.