चिखलदरा : पॉइंट पाहिले, आता गावेही पहा

शेतकरी बंधूंनो, परतवाड्याहून घाट चढून तुम्ही कधीतरी चिखलदऱ्याला गेला असालच. देवी पॉइंट पाहिला, गाविलगड पाहिला, गरम भजी खाल्ली अन् संध्याकाळी खाली उतरलात. पण हे तालुक्याचे गाव वसले कसे आणि कोणासाठी, याचा विचार केलात का?

गाविलगड हे नाव पडले ते गवळ्यांवरून. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो भोसल्यांकडून जिंकला. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. मग साहेबांचे बंगले उठले, कॉफी लागली.

भोवतालच्या कोरकूंच्या वाट्याला मात्र कोदो-कुटकी आणि मजुरीच राहिली. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. चराईवर, वनोपजावर बंधने आली. १९९३ च्या बालमृत्यूंनी मेळघाटचे नाव देशभर झाले. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आजारी लेकरू दवाखान्यात न्यायचे कसे, हा आईचा प्रश्न योजनेच्या कागदात मावत नाही.

वाट नाही असे नाही. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने २००६ च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड रान राखले, सीताफळे विकून गावातच काम उभे केले. सरपंच, ग्रामसेवकांनो, तुमच्या गावचा दावा कोणत्या टेबलावर अडला आहे? येत्या ग्रामसभेत एवढे तरी विचारा!