दोन आकड्यांचा स्विच

गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळच्या गल्लीत एकदा लावलेली गाडी विसर्जनापर्यंत सहसा हलत नाही. गिरगावात तर चाळीसमोर मिळालेली जागा जाऊ नये म्हणून एरवीही गाड्या आठवडा-आठवडा उभ्या असतात. अशा गाडीची बॅटरी उतरली की दोष बॅटरीच्या वयाला दिला जातो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. लहान मोटारीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. थेट बॅटरीला जोडलेल्या डॅशकॅमने 0.3 अँपिअर ओढले, तर दिवसाला 7 अँपिअर-तास गेले. पाच दिवसांत नवीकोरी बॅटरीही रिकामी होते आणि स्टार्टर फिरवण्याचा जोर त्याच्या बराच आधी संपतो. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि गमावलेली क्षमता पुरती परत येत नाही. तेव्हा इंजिन बंद झालं की ही जादा उपकरणं आपोआप तोडणारा स्विच हवा. माझं म्हणणं असं, की या स्विचने चावीपेक्षा व्होल्टेजवर विसंबावं आणि एकाऐवजी दोन आकड्यांवर चालावं.

चावी फक्त चालकाचा इरादा सांगते. इंजिन न लावता चावी फिरवून गाणी ऐकत बसलं तरी ती 'चालू'च असते. बॅटरी भरते आहे की उपसली जाते आहे, हे व्होल्टेजवरून कळतं. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर चार्ज करू लागला की बहुतेक गाड्यांत हाच आकडा 13.8 ते 14.4 होतो. एका व्होल्टहून मोठी ही दरी ओळखायला संगणक लागत नाही. किंबहुना अल्टरनेटरच्या आधी, डायनॅमोच्या जमान्यात प्रत्येक मोटारीत असा स्विच होताच. गॅरेजवाले त्याला कटआउट म्हणत. डायनॅमोचा दाब 13 व्होल्टांच्या आसपास चढला की कटआउटचे पॉइंट जुळत आणि चार्जिंग सुरू होई. इंजिन मंदावून प्रवाह बॅटरीकडून उलटा डायनॅमोकडे वाहू लागला की ते सुटत. जुळण्याची पातळी आणि सुटण्याची पातळी वेगळी, हे शहाणपण त्या तांब्याच्या वेटोळ्यांतच होतं.

आज हौसेने सर्किट जुळवणारे नेमके इथेच चुकतात. ते 13 व्होल्ट असा एकच आकडा धरतात. इंजिन बंद झाल्यावर दाब हळूहळू उतरून 13 च्या खाली जातो, रिले सुटतो, उपकरणाचा भार हटतो, भार हटताच बॅटरीचा दाब किंचित वर येतो आणि रिले पुन्हा लागतो. ही तडतड चालू राहिली की रिलेचे पॉइंट जळतात. उपाय म्हणजे लागायचा आकडा वर आणि सुटायचा आकडा खाली ठेवणं. त्यासाठीचे सगळे भाग लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका फेरीत मिळतात. टीएल 431 हा 2.5 व्होल्टांचा स्थिर संदर्भ देतो. तो एलएम 393 या कंपॅरेटरच्या उणे इनपुटला जोडायचा. अधिक इनपुटला बॅटरीचा दाब 43 आणि 10 किलोओहमच्या रेझिस्टरांनी विभागून द्यायचा. आउटपुटला 10 किलोओहमचा रेझिस्टर वरच्या बाजूला बांधायचा आणि आउटपुटकडून अधिक इनपुटकडे 1 मेगाओहमचा रेझिस्टर परत आणायचा. या शेवटच्या रेझिस्टरमुळे स्विच सुमारे 13.35 व्होल्टला लागतो आणि 12.8 ला सुटतो. तो काढला तर वर सांगितलेली तडतड आलीच. कंपॅरेटरने आयआरएफझेड 44 हा मॉस्फेट चालवावा आणि मॉस्फेटने रिले. रिलेच्या कॉइलवर 1एन 4007 डायोड उलटा लावलाच पाहिजे. कॉइल सुटताना उसळणारा दाब तोच गिळतो. खालच्या 10 किलोओहमला समांतर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की क्षणिक चढउतार गाळले जातात. रेझिस्टर 1 टक्का अचूकतेचेच घ्यावेत. 5 टक्क्यांच्या रेझिस्टरांनी आकडा व्होल्टभर सरकू शकतो, म्हणजे सगळी दरीच बुजते. त्याहून बरं म्हणजे 43 च्या जागी 39 किलोओहम आणि 10 किलोओहमचा प्रिसेट घेऊन मल्टिमीटरवर जुळवावं.

हे सर्किट स्वतःच बॅटरी खाईल, ही शंका रास्त आहे. सुटलेल्या अवस्थेत ते साधारण 4 ते 5 मिलिअँपिअर घेतं, म्हणजे वीस दिवसांत जेमतेम 2 अँपिअर-तास. डॅशकॅम तेवढे सात-आठ तासांत संपवतो. तयार मॉड्यूल स्वस्त मिळत असताना हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. मॉड्यूल घ्यायला हरकत नाही, फक्त त्याचे आकडे पाहून घ्यावेत. बॅटरी पार मरू नये एवढ्याचसाठी केलेली मॉड्यूलं 12 व्होल्टांच्या आसपास किंवा त्याहून खाली तोडतात. विसावलेल्या बॅटरीत 12.2 म्हणजे साठा निम्म्यावर आणि 12 म्हणजे जवळपास पावभर. इतक्या उशिरा तुटलं तर गाडी सुरू होईलच, याची खात्री राहत नाही. इंजिन बंद केल्यावर काही वेळ बॅटरी 13 च्या वर दाखवते आणि स्विच लगेच सुटत नाही, हेही खरं. पण तो वरवरचा चार्ज उपकरणाच्या भारानेच उतरतो आणि त्यात गमावण्यासारखं फारसं नसतं.

वायरिंगला हात लावला तर वॉरंटी जाईल, ही भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. व्होल्टेज पाहणाऱ्या स्विचचा फायदा इथेही आहे. त्याला बॅटरीच्या दोन टोकांपलीकडे गाडीची एकही तार कापावी लागत नाही. अधिक टोकापासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज हवाच. तार कुठे घासून बॉडीला टेकली तर आग रोखणारं दुसरं काही तिथे नसतं. दाब मोजणारी तारही थेट बॅटरीवरूनच आणावी, सिगारेट-लायटरच्या खोबणीतून नव्हे, कारण लांब तारेत होणारी घट आकडे बिघडवते.

सर्वांत वजनदार आक्षेप नव्या गाड्यांचा आहे. इंधन वाचवण्यासाठी काहींमध्ये संगणक अल्टरनेटरचा दाब मुद्दाम खाली आणतो आणि ब्रेक लावताना वर चढवतो. तिथे धावत्या गाडीतही दाब 12.8 च्या खाली जाऊ शकतो आणि आपला स्विच इंजिन बंद आहे असं समजेल. म्हणून काहीही विकत घेण्याआधी दिवे लावून आणि न लावता, सावकाश आणि वेगात, दादर-माटुंग्याच्या गर्दीत आणि मोकळ्या रस्त्यावरही सोबतच्या माणसाला मल्टिमीटर वाचायला सांगावं. आकडा सतत 13.5 च्या वर राहिला तर हा स्विच बसवावा. खाली जात असेल तर फ्यूज-बॉक्समधल्या, चावीबरोबर जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून रिले चालवावा आणि चावी फिरवून नुसतं बसण्याची सवय सोडावी.