मोटारीतील रोषणाई

धाकट्या चिरंजीवांनी नव्या मोटारीत पायांशी व दारांच्या कडेने निळ्या एलईडी पट्ट्या लावून घेतल्या. शोभा मनोहर, परंतु आयुष्यभर तारण तपासलेल्या माझ्या नजरेने प्रथम वायर शोधली. ती थेट बॅटरीला जोडलेली, मध्ये फ्यूजच नाही! पट्ट्या ५ मीटर, २४ वॅटच्या. १२ व्होल्टवर अवघा २ अँपिअर प्रवाह. ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो दिव्याचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. पत्र्याच्या कडेला घासून वायरचे आवरण फाटले, तर फ्यूजअभावी ती तापून गालिच्याखाली आग लागू शकते. दुसऱ्या कारागिराकडून फ्यूज बसवून घेतला, विमा कंपनीस लेखी कळविले. रात्री पुढील काचेत प्रतिबिंब पडते, म्हणून प्रकाश मंद ठेवण्याचे चिरंजीवांनी मान्य केले. रंग मात्र निळाच राहिला.