व्हर्च्युअल डेस्कटॉपवर ऑफिस ॲक्टिव्हेट करताय? की विकत घेण्याआधी हे वाचा

आचोळे रोडला अकाउंटिंग किंवा डेटा एन्ट्रीचं ऑफिस टाकताय? एका सर्व्हरवर आठ-दहा व्हर्च्युअल डेस्कटॉप चालवणार असाल, तर एमएस ऑफिसच्या व्हॉल्यूम लायसन्सच्या दोन पद्धती आधी समजून घ्या.

एमएके: प्रत्येक मशीन थेट मायक्रोसॉफ्टकडे ॲक्टिव्हेट होतं आणि तुमच्या कोट्यातला एक आकडा कमी होतो. डेस्कटॉप रोज पुसून नवे बनत असतील, तर कोटा बघता बघता संपतो.

केएमएस: तुमच्याच नेटवर्कमधलं एक होस्ट मशीन ॲक्टिव्हेशन देतं. ते 180 दिवस टिकतं. दर 7 दिवसांनी आपोआप रिन्यू व्हायचा प्रयत्न होतो. ऑफिससाठी किमान 5 मशीन लागतात, व्हर्च्युअल चालतात. पण एकाच मास्टर इमेजच्या कॉपी काढल्या, तर सगळ्यांची ओळख एकच राहते आणि होस्टचा आकडा 1 वरच अडकतो. म्हणून इमेज बंद करण्याआधी ऑफिस 'रीआर्म' करायचंच.

मशीन पाचपेक्षा कमी? मग मायक्रोसॉफ्ट 365 बिझनेस प्रीमियम बघा. त्यात लायसन्स माणसाच्या नावावर असतं आणि 'शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन' मिळतं.

आणि ती स्वस्तातली 'लाइफटाइम' की? माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर धंद्यात वापरलं, तर कॉपीराइट कायदा 1957, कलम 63ब: 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. पक्कं बिल आणि कंपनीच्या नावाचं लायसन्स मागा. मिळत नसेल, तर पैसे देऊ नका.