बाहेरची लिंक जोडताना

लेखातून दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेणारी लिंक बऱ्याचदा पत्त्याच्या सुरुवातीलाच बिघडते. एडिटरच्या चौकटीत ‘एचटीटीपीएस’, कोलन आणि दोन तिरप्या रेघा न देता नुसतं नाव टाकलं, की ब्राउझर ते आपल्याच संकेतस्थळावरचं पान समजतो आणि वाचकाला ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं दिसतं. काही एडिटर ही उणीव स्वतः भरून काढतात, सगळे नाही. म्हणून पत्ता हाताने टाइप न करता ते पान उघडून ॲड्रेस बारमधून पूर्ण कॉपी करावा. फेसबुकवरून आलेल्या पत्त्यामागची ‘एफबीसीएलआयडी’ ही लांबलचक शेपटी मात्र काढून टाकावी. तिच्याविनाही पान उघडतं.

लिंक कोणत्या शब्दांवर द्यायची, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर पानातल्या लिंकांची यादी ऐकतात. तिथे ‘इथे क्लिक करा’ हेच दहा वेळा ऐकू आलं, तर त्यांनी काय निवडायचं? ‘रेल्वेचं नवं वेळापत्रक’ असे नेमके शब्द द्यावेत.

जाहिरातीच्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावावी, म्हणजे ती पैसे घेऊन दिलेली आहे हे शोधयंत्राला कळतं. गूगलने ती २०१९ मध्ये आणली. त्याआधी, २००५ पासून, ‘या लिंकला शिफारस मानू नका’ असं शोधयंत्राला सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण होतीच.

बाहेरची पानं हलतात, नाहीशी होतात. महत्त्वाच्या पानाची प्रत वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहावर आधीच जतन करावी आणि मूळ पान गेलं, की लिंक त्या प्रतीकडे वळवावी.