काळ्या बियरचा मऊ फेस

1950च्या दशकात पिंपातली गिनेस, म्हणजे आयर्लंडची काळी बियर, वाढणं हे कसबी हाताचं काम होतं. बारमागे दोन पिंपं असत. एकात ताजी, उसळणारी बियर, दुसऱ्यात मुरून निवलेली. दोन्ही एकाच ग्लासात जुळवायच्या. अंदाज चुकला की ग्लासभर नुसता फेस. आयर्लंडमधल्या पबवाल्यांचा हात बसलेला होता. ब्रिटनमध्ये मात्र गिनेस मुख्यतः बाटलीतूनच खपायची.

केंब्रिजमध्ये गणित शिकलेला मायकेल ॲश 1951 मध्ये गिनेस कंपनीत आला आणि पुढे या प्रश्नाच्या मागेच लागला. सहकाऱ्यांनी थट्टा केली, तरी त्यानं तो सोडला नाही. अडचण कार्बन डायऑक्साइडची होती. तो बियरमध्ये भरपूर विरघळतो. दाब वाढवला की चव टोचते, फेस उतू जातो. ॲशनं नायट्रोजन घेतला. तो बियरमध्ये जेमतेम विरघळतो. शिवाय भोवतालच्या हवेत नायट्रोजनच जास्त, त्यामुळे बुडबुड्यातला वायू बाहेर पडायची घाई करत नाही. बुडबुडा बारीक राहतो, फेस टिकतो. मग दोन्ही वायूंचं मिश्रण एकाच धातूच्या पिंपात भरायची सोय त्यानं बसवली. कंपनी 1759 मधली. तिच्या 200व्या वर्षी, 1959 मध्ये, ही ड्राफ्ट, म्हणजे पिंपातली, गिनेस बाजारात आली. मला हा शोध फार मोठा वाटतो.

डब्लिनला गेल्यावर तो शोध जिभेला कळला. बारवाल्यानं ग्लास तिरपा धरून बराचसा भरला आणि तसाच ठेवून दिला. आत तपकिरी खळबळ, मग तळापासून चढत जाणारा काळोख. उजेडात धरला तर तो काळा रंग गडद माणकासारखा लाल. घोटात भाजलेल्या बार्लीचा, काळ्या कॉफीच्या जवळ जाणारा कडूपणा होता, पण टोचणी अजिबात नाही. एवढी गडद बियर इतकी हलकी लागेल असं वाटलंच नव्हतं.

बियर निवत असताना काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली जात होते. हा भास नव्हे. ग्लास वर रुंद होत जातो, म्हणून बुडबुडे मध्यभागी दाटतात आणि बियरला वर ओढून नेतात. तीच बियर काचेलगत खाली परतते आणि बारीक बुडबुड्यांना सोबत नेते. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी 2012 मध्ये हे गणितानं दाखवलं. भांडं उलटं, म्हणजे वर निमुळतं केलं, की काचेलगतचे बुडबुडे वरच जातात.