सॉकेट व दूरच्या यंत्राशीं चालणारी निरोपाची देवघेव

विहिरीवरील मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करणारीं उपकरणें आतां गांवोगांवीं दिसूं लागलीं आहेत. त्यांतील कांहीं साध्या कॉलवर किंवा एसएमएसवर चालतात. त्यांच्याविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. जीं इंटरनेटवर चालतात, त्यांच्या बाबतींत मोबाइलवर “पंप चालू” अशीं अक्षरें उमटलीं म्हणजे पंप खरोखरच चालू झाला, असें पुष्कळ बागाईतदार धरून चालतात. हा भरंवसा कितपत ठेवावा, हें ठरविण्यास दोन यंत्रें एकमेकांशीं कशीं बोलतात तें थोडें पाहिलें पाहिजे.

ज्या साधनानें हें बोलणें चालतें, त्यास प्रोग्राम लिहिणारे लोक सॉकेट म्हणतात. भिंतीवरील विजेच्या सॉकेटांत पिन खोंचतांना तार पुढें कोठून गेली आहे याची उठाठेव आपण करीत नाहीं. तसेंच येथें आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनीं इ. स. १९८३ मध्यें ही योजना आपल्या युनिक्स प्रणालीबरोबर प्रसिद्ध केली व आजही जवळजवळ सर्व यंत्रांत तीच रूढ आहे. एका बाजूचा प्रोग्राम सॉकेट उघडून वाट पाहत बसतो. त्यास सर्व्हर म्हणतात. दुसरा त्याच्या पत्त्यावर जोडणी मागतो. पत्त्यांत यंत्राचा आयपी क्रमांक व त्या यंत्रांतील विवक्षित प्रोग्राम दाखविणारा पोर्ट क्रमांक असे दोन भाग असतात; वाड्याचा नंबर व आंतील बिऱ्हाडाचा नंबर असावा तसे. पोर्ट क्रमांक ६५,५३५ पर्यंत जाऊं शकतो.

शेतांतील पेटी मोबाइलच्या सिमवर चालत असल्यास तिला बहुधा स्वतःचा जाहीर पत्ता मिळत नाहीं. म्हणून बाहेरून तिला कोणी हाक मारूं शकत नाहीं. तीच सर्व्हरकडे जोडणी मागते व ती उघडी ठेवून बसते. आपला मोबाइलही त्याच सर्व्हरशीं बोलतो. अर्थात् निरोप घरून थेट विहिरीवर न जातां मधल्या ठाण्यावरून जातो.

पाठविण्याच्या मुख्य रीती दोन. यूडीपी ही रीत पोस्टकार्डासारखी आहे: कार्ड आलें तर अखंड येतें, पण गहाळ होईल, मागेंपुढें येईल, क्वचित् दोनदांही येईल. टीसीपी या दुसऱ्या रीतीचा पाया व्हिन्टन सर्फ व रॉबर्ट कान यांच्या १९७४ मधील लेखांत घातला गेला. तींत मजकुराचे तुकडे करून त्यांस क्रम दिलेला असतो, पोंच घेतली जाते, आणि पोंच न आल्यास तुकडा पुन्हां पाठविला जातो. त्यामुळें अक्षरें ज्या क्रमानें निघालीं त्याच क्रमानें पोंचतात.

मात्र तीं पोंचतात पाटाच्या पाण्यासारखीं. वरच्या अंगास दोन घागरी ओतल्या तर खालीं पहिली घागर व मग दुसरी अशी निरनिराळी हातीं येत नाहीं. समजा, ठिबकांतून खताचें द्रावण सोडण्यासाठीं “खत १२०” असा हुकूम सोडला. घेणाऱ्या प्रोग्रामानें सॉकेट वाचलें तेव्हां “खत १२” इतकेंच आलेलें असूं शकतें; उरलेलें शून्य क्षणभरानें येतें. जो प्रोग्राम पहिल्याच वाचनास पूर्ण हुकूम समजेल, तो १२० लिटरांऐवजीं १२ लिटर सोडील. देवनागरींत तर एकेक वर्ण साठविण्यास बहुधा तीन बाइट लागतात, म्हणून अक्षरसुद्धां मध्येंच तुटूं शकतें! कारखान्यांत एका मेजावर परीक्षा घेतांना हा दोष सहसा दिसत नाहीं. शेतांत सिग्नल क्षीण झाला म्हणजे तो वर येतो.

उपाय जुनेच आहेत. प्रत्येक हुकमाच्या शेवटीं पूर्णविरामासारखी ठरीव खूण ठेवावी व ती येईपर्यंत वाचीत राहावें. अथवा बिल्टीवर पोत्यांची संख्या लिहितात त्याप्रमाणें आधीं मजकुराची लांबी पाठवावी व तेवढें भरल्याशिवाय हुकूम बजावूं नये. आमच्या मतें दुसरी रीत अधिक निर्धोक, कारण मजकुरांतच ती खूण येऊन घोटाळा होण्याची भीति तींत नाहीं.

पाठविणाऱ्याच्या बाजूसही एक फसवी जागा आहे. सॉकेटनें “पाठविलें” असें सांगितलें, तर त्याचा अर्थ मजकूर आपल्याच यंत्राच्या कोठारांत जमा झाला, एवढाच. टीसीपीची पोंचसुद्धां समोरच्या यंत्राच्या कोठारापुरतीच असते. तेथील प्रोग्रामानें हुकूम वाचला कीं नाहीं, मोटरनें वीज ओढली कीं नाहीं, हें तींत नसतें. तें उत्तर पेटीनें विजेचा प्रवाह मोजून स्वतंत्रपणें धाडावयाचें असतें. उत्तर वेळेवर न आल्यास हुकूम पुन्हां सोडावा लागतो. आणि पहिला हुकूम पोंचून केवळ उत्तरच हरवलें असेल तर खत दोनदां सुटेल. याकरितां प्रत्येक हुकमास क्रमांक असावा व बजावलेला क्रमांक पेटीनें पुन्हां बजावूं नये. “असेल त्याच्या उलट कर” असा हुकूम तर ठेवूंच नये.

राहिली गोष्ट स्तब्धतेची. समोरच्यानें जोडणी रीतसर बंद केली तर वाचणाऱ्यास शून्य बाइट मिळतात व तो काय तें समजतो. परंतु पेटीची वीजच गेली तर निरोप देण्यास कोणी उरत नाहीं, आणि सर्व्हरला जोडणी चालू आहे असेंच वाटत राहतें. लिनक्स प्रणालींत मुक्या जोडणीची विचारपूस प्रोग्रामानें मागितली तरच होते, व तीही नेहमीच्या मुदतीप्रमाणें दोन तासांनंतर. तेवढ्यांत रोपें सुकूं लागतात. म्हणून पेटीनें मिनिटा-दोन मिनिटांस “आहें” एवढें कळवीत राहण्याची योजना असावी लागते.

उपकरण घेतांना विक्रेत्यासमोर पेटीची वीज व बॅटरी दोन्ही तोडावीं आणि “संपर्क नाहीं” हीं अक्षरें मोबाइलवर किती मिनिटांनीं उमटतात तें घड्याळावर मोजावें. मग पेटी पुन्हां चालू करून, मुख्य स्विच पाडून मोटरकडील फ्यूज काढवून घ्यावेत व चालूचा हुकूम द्यावा. तरीही “पंप चालू” असेंच दिसलें, तर तें उत्तर मोटरकडे पाहून दिलेलें नाहीं.